तेल वर चढेना म्हणून

निळ्या मीनाकामाची चिनी फुलदाणी, तिच्या पायाशी सोन्याचा मुलामा दिलेली ब्राँझची बैठक, दोन्ही अंगांना तशाच सोनेरी मुठी आणि फुले जिथे असायची तिथे जळती वात व तिच्यावर काच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या दुकानांतून असे दिवे मोठ्या संख्येने बाहेर पडले. आज जगभरच्या लिलावांत ते ‘जुनी चिनी फुलदाणी, नंतर दिव्यात रूपांतरित’ अशा नोंदीखाली विकले जातात. या रूपांतराचे कारण बहुतेक लेखक एका वाक्यात सांगून मोकळे होतात: युरोपातल्या श्रीमंतांना परदेशी वस्तूंची हौस होती, पण त्या आपल्या घराच्या साजात बसवल्याशिवाय चैन पडत नव्हते. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. हौसेने फुलदाणीला सोनेरी पाय का लागले ते कळते. तिचाच दिवा का झाला, तोही नेमका त्याच काळात का झाला, हे कळत नाही. त्याचे उत्तर आवडीनिवडीच्या इतिहासापेक्षा तेलाच्या, वातीच्या आणि काचेच्या इतिहासात अधिक आहे. आणि तो इतिहास तपासायला पॅरिसइतकीच सोयीची जागा म्हणजे आपले मावळ. दिव्याची काच आणि दिव्याची वीज या दोन्हींच्या पश्चिम भारतातल्या कहाणीचा मोठा भाग तळेगाव आणि लोणावळा यांच्यामधल्या तीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात घडलेला आहे.

आधी फुलदाणीविषयी. या मीनाकामात भांड्याचे अंग तांब्याचे असते. त्याच्यावर तांब्याच्या बारीक पट्ट्या उभ्या बसवून नक्षीची घरे पाडतात, त्या घरांत रंगीत काचेची ओली पूड भरतात आणि भांडे भट्टीत घालतात. पूड वितळून खाली बसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. शेवटी घासून सपाट करायचे आणि उघड्या राहिलेल्या पट्ट्यांवर सोने चढवायचे. म्हणजे सोनेरी मुलामा या फुलदाणीला युरोपात पहिल्यांदा लागला असे नाही, तो तिच्या जन्मापासूनच होता. ही कलाही मूळची चीनची नव्हे. पश्चिम आशियाकडून ती मंगोल राजवटीच्या सुमारास तिकडे पोचली असे सामान्यतः मानतात. १३८८ साली त्साव चाव नावाच्या जाणकाराने जुन्या वस्तूंच्या पारखीवर ग्रंथ लिहिला. त्याने ही भांडी बायकांच्या दालनांत शोभतील, विद्वानाच्या अभ्यासिकेत नव्हे, असा शेरा मारला. पुढे श्वानद, चिंगताय आणि विशेषतः छ्यनलुङ (१७३६ ते १७९५) या बादशहांच्या काळात हेच काम राजवाड्यातले आणि देवळातले मानाचे काम झाले. तेव्हा फ्रेंच कारागिराने एका ‘शुद्ध’ चिनी वस्तूला हात लावला, ही तक्रार जरा जपूनच करायला हवी. आपल्या युक्तिवादासाठी मात्र यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या: या फुलदाणीचे अंग धातूचे आहे, त्यामुळे ती आच सोसते आणि छिद्र पाडताना चिनी मातीसारखी तडकत नाही, आणि तिचा रंग म्हणजे काचच आहे.

आता पहिला आक्षेप. पॅरिसमध्ये चिनी वस्तूंना सोनेरी साज चढवण्याची रीत दिव्यांच्या शंभर वर्षे आधीपासून होती. लाझार द्युव्हो या दुकानदाराच्या अठराव्या शतकाच्या मध्यातल्या हिशेबवह्या उपलब्ध आहेत. माडाम द पाँपादूर त्याचे गिऱ्हाईक होती आणि साज चढवलेली चिनी भांडी तो विकत असे. तेव्हा मुलामा देण्याची रीत पाऱ्याची होती. सोने पाऱ्यात विरघळवून तो लगदा धातूवर लावायचा आणि आच देऊन पारा उडवून द्यायचा. त्या वाफांनी कारागीर दात गमावत, हात थरथरत, लवकर मरत. (या झळाळीचे कौतुक करताना हा भाग सहसा गाळला जातो.) मग साजाची रीत जुनीच असेल, तर दिव्याला वेगळे कारण शोधायचे कशाला? पण त्या शतकातल्या वस्तू काय आहेत ते पाहावे. सुगंधी फुलांच्या पाकळ्या ठेवायची भांडी, सुरया, शोभेच्या बरण्या, आणि फार तर मेणबत्त्यांच्या फांद्या लावलेली एखादी फुलदाणी. मेणबत्तीला फुलदाणीची काहीच गरज नसते. फांद्या कशावरही बसतात, फुलदाणी फक्त वजनापुरती. म्हणजे साज होता, कारागीर होते, चिनी माल होता, गिऱ्हाईकही होते, तरी फुलदाणीच्या पोटातून जळणारा तेलाचा दिवा मात्र नव्हता. काहीतरी अडत होते.

अडत होते ते तेल. आपली समई पाहिली की ही अडचण लगेच ध्यानात येते. समईचा खांब दोन हात उंच असला तरी तेल असते वरच्या पसरट वाटीत आणि वात त्याच तेलात पडलेली असते. खांब भरीव असो की पोकळ, त्यात तेल भरून कोणी वात पेटवत नाही, कारण करडईचे, तिळाचे, एरंडीचे किंवा खोबऱ्याचे तेल दाट असते. वातीतून ते बोटभर चढते, वीतभर चढत नाही. लामणदिव्याचेही तेच. युरोपातल्या रेपसीडच्या तेलाची गोष्ट याहून वेगळी नव्हती. जिनिव्हाच्या एमे आर्गाँने १७८४ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतले ते नळीसारख्या पोकळ वातीचे. तिच्या आतून आणि बाहेरून हवा खेळायची आणि वर काचेची नळी बसवली की ओढ वाढून ज्योत कैक पटींनी उजळायची. दिव्याच्या इतिहासातली ही मोठी उडी. पण तेल ज्योतीपर्यंत पोचवायला आर्गाँला टाकी ज्योतीच्या बाजूला, तिच्या पातळीच्या वरच ठेवावी लागली. त्यामुळे एका बाजूला कायम सावली पडे आणि दिव्याचा आकार बेढब होई. फुलदाणीत हे यंत्र बसवणे शक्यच नव्हते.

ही गाठ घड्याळजीने सोडवली. पॅरिसच्या कार्सेलने १८०० साली दिव्याच्या पायात चावीचे यंत्र आणि छोटा पंप बसवला. चावी दिली की तेल खालून वर ढकलले जाई. १८३० च्या दशकात फ्रांशोने पंपाऐवजी स्प्रिंगने दाबला जाणारा दट्ट्या वापरला, आणि तो स्वस्त दिवा फ्रान्सभर पसरला. आता दिव्याला काय हवे होते? उंच, पोकळ, मधे फुगलेले, खाली जड आणि वर अरुंद तोंडाचे अंग, ज्यात टाकी, दट्ट्या, स्प्रिंग सगळे लपेल आणि वर फक्त ज्योत दिसेल. हे वर्णन फुलदाणीचेच आहे. पुढे १८५३ मध्ये लुकासिएविचने लव्होव्हच्या इस्पितळात रॉकेलचा दिवा पेटवला आणि १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात ड्रेकची तेलविहीर लागली. रॉकेल पातळ, वातीतून आपोआप चढणारे. यंत्राची गरज संपली, पण दिवाणखान्याला फुलदाणीच्या आकाराची सवय जडली होती. आता एक सुटी टाकी वरून फुलदाणीच्या तोंडात अलगद बसवली की काम होत असे. फुलदाणीचा दिवा झाला तो या क्रमाने. हौस आधीपासून वाट पाहत होती, तिला जागा करून दिली ती तेल वर चढवण्याच्या युक्तीने.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला नैतिक वजनही आहे. दुसऱ्या अफूयुद्धात, ऑक्टोबर १८६० मध्ये, ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन राजवाडा लुटला आणि लॉर्ड एल्गिनच्या हुकुमावरून तो जाळला. लुटीचा माल पॅरिस आणि लंडनच्या लिलावांत आला. फाँतेनब्लो येथे सम्राज्ञी युजेनीने १८६३ मध्ये खास चिनी दालन सजवले. मीनाकामाची मोठी भांडी युरोपने इतक्या संख्येने पाहिली ती तेव्हाच. बार्बेदिएनसारखे ब्राँझवाले स्वतःही मीनाकाम करू लागले, ते याच सुमारास. तर मग दिव्यांची ही लाट लुटीतून आली, तेलातून नव्हे, असे का म्हणू नये? मला वाटते, लूट हे पुरवठ्याचे उत्तर आहे, उपयोगाचे नाही. लुटीत फक्त फुलदाण्या नव्हत्या. जेडचे पेले होते, पोथ्या होत्या, रेशीम होते, घड्याळे होती, त्यांचे दिवे झाले नाहीत. शिवाय पुढच्या दशकांत बीजिंगच्या कारखान्यांनी परदेशी गिऱ्हाइकासाठी नवीन माल भराभर बनवला आणि तो रीतसर पैसे मोजून विकत घेतला गेला. दिवे बनले त्यांतला मोठा भाग या मालाचा. आज प्रत्येक निळ्या दिव्यावर ‘सम्राटाच्या राजवाड्यातून’ असे लिहिणारा विक्रेता इतिहास सांगत नसतो, किंमत वाढवत असतो.

लुटीच्या या कहाणीशी मुंबईचा संबंध होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि सर जमशेटजी जीजीभाईंपासून अनेक पारशी घराण्यांची भरभराट त्या व्यापारावर उभी होती. जमशेटजी टाटा तरुणपणी, १८५९ साली, हाँगकाँगला गेले तेही वडिलांच्या पेढीच्या व्यापारासाठीच. या घराण्यांच्या घरी चिनी मातीची भांडी, रेशमी गारे, लाखेचे पडदे आले ते याच वाटेने. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी चिनी आणि जपानी वस्तूंचा मोठा संग्रह केला. त्यांच्या निधनानंतर तो मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाला. त्याच काळात त्याच घराण्यातले थोरले बंधू सर दोराबजी लोणावळ्याच्या डोंगरांत पाणी अडवत होते. एका भावाच्या कपाटात चिनी भांडी, दुसऱ्याच्या हाती त्यांना दिवा बनवणारी वीज. पण विजेकडे वळण्यापूर्वी तळेगावला थांबायला हवे.

वातीच्या दिव्यात सगळ्यांत महत्त्वाचा भाग कोणता? फुलदाणी तर नव्हेच. तांब्याचे अंग पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सोनेरी साज टिकतो. बर्नर पाच-दहा वर्षे चालतो. फुटते ती काच. वात जरा तिरकी कापली गेली, ज्योत एका बाजूला चाटली, पावसाचा थेंब उडाला, पुसताना हात घसरला, की गेली. तिच्याशिवाय रॉकेलचा दिवा नुसता धूर ओकतो. म्हणजे दिव्याच्या धंद्यात खरा पैसा दोन गोष्टींत होता: जी जळते ती आणि जी फुटते ती. हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन्ही गोष्टी बाहेरून येत होत्या. रॉकेल डब्यांतून येई अमेरिकेचे आणि रशियाचे, दिव्याच्या काचा येत ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियमच्या आणि पुढे जपानच्या. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर ही नाजूक काच घाटमाथ्यावर पोचवणेही सोपे झाले. गरिबाघरच्या टिनच्या चिमणीला काच नव्हती. पण ज्याला मुलांचा अभ्यास व्हावा, हिशेब लिहिता यावा, दुकान रात्री उघडे राहावे असे वाटे, तो दरवर्षी परदेशी काचेसाठी पैसे मोजत होता.

अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाने नेमका हा धंदा निवडला. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा, ही काळ्यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे त्याची सुरुवातीची सूत्रे होती. हा कारखाना म्हणजे शाळाही होती. काच फुंकायला इथे शिकलेली मुले पुढे देशभरच्या कारखान्यांत गेली. एक पैशाच्या वर्गणीतून आरसेमहालाचा थाट उभा करता आला नसता हे खरेच. पण तसा तो करायचाही नव्हता. दिव्याच्या काचा, बाटल्या, साधी भांडी अशा रोज लागणाऱ्या आणि रोज फुटणाऱ्या मालाचा निर्णय मला आजही शहाणपणाचा वाटतो. स्वदेशीच्या भाषणांत जी भावना होती तिला व्यापारातली नस सापडली होती.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. तळेगावची काच तरी कितपत स्वदेशी होती? कोळसा दूरच्या खाणींतून रेल्वेने यायचा. काचेला लागणारा सोडा परदेशातून. कौशल्य जपानी आणि अमेरिकी. देशात सोडा बनवण्याचे मोठे कारखाने पुष्कळ पुढे निघाले, तोवर प्रत्येक ‘देशी’ काचेत विलायती सोडा विरघळलेलाच होता. शंका खरी आहे, पण तिचा निष्कर्ष बरोबर नाही. मिसळ ही या वस्तूची प्रकृतीच आहे. पॅरिसच्या दिव्यात चिनी अंग, फ्रेंच साज, अमेरिकी रॉकेल आणि बहुधा बोहेमियाची काच असायची, त्याला कोणी फ्रेंच म्हणायला कचरले नाही. प्रश्न कोणता भाग कुठला हा नसून कोणता भाग पुन्हापुन्हा विकत घ्यावा लागतो आणि तो कोणाच्या हाती आहे, हा असतो. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियमचा माल बंद पडला तेव्हा हे सर्वांना कळले. जपानने ती जागा घ्यायला वेळ लावला नाही, पण देशी काचेलाही बाजार मिळाला. ओगले बंधूंचा कऱ्हाडजवळचा कारखाना १९१६ मधला. पुढे त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला.

आता वीज. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसवली. लोणावळा, वलवण आणि शिरोता येथे घाटमाथ्याचा पाऊस अडवायचा, तो पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीला नळांतून सोडायचा आणि तयार झालेली वीज एक लाख व्होल्टच्या तारांनी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या मुंबईला न्यायची. बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजपुरवठा सुरू झाला. ही वीज दिव्यांसाठी नव्हती, ती आधी कापडगिरण्यांसाठी होती. मुंबईच्या घरांत विजेचे दिवे १९०५ च्या सुमारापासून येऊ लागले होते, तेही वाफेवर चालणाऱ्या केंद्रातून. तेव्हा लोणावळ्याच्या पाण्याने मुंबईचे दिवाणखाने उजळले असे लिहिणे सोपे असले तरी खरे नाही. पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर वीज मिळू लागल्यावर रॉकेलचा दिवा शहरातून हटणार, हे ठरून गेले.

इथे माझ्या युक्तिवादावरचा सगळ्यांत कठीण आक्षेप येतो. फुलदाणीचा दिवा टाकी लपवण्यासाठी झाला असेल, तर टाकीच नाहीशी झाल्यावर तो संपायला हवा होता. घडले उलटेच. विसाव्या शतकात फुलदाण्यांचे दिवे कमी न होता वाढले. हे मान्य करायलाच हवे, आणि यातून हौसेचा वाटा मी सुरुवातीला धरला त्याहून मोठा होता असेही दिसते. तरी दोन काळांतल्या दिव्यांत फरक आहे. तेलाच्या काळात दिव्याला विशिष्ट आकाराचीच फुलदाणी चाले: पुरेशी रुंद, पुरेशी खोल, योग्य तोंडाची. विजेला फक्त एक तार जाण्यापुरते छिद्र हवे असते. त्यामुळे कशाचाही दिवा होऊ लागला, मूर्तीचा, बरणीचा, अगदी भरीव वस्तूचाही. गरज होती तोवर निवड होती. गरज संपल्यावर सैल हाताने छिद्रे पडू लागली, आणि ज्यांच्या तळाला अशी छिद्रे आहेत त्या फुलदाण्यांची किंमत आज संग्राहक कमी धरतात. आपल्याकडे देवघरातल्या समईचे असे झाले नाही. रॉकेल आले तरी तिला काच लागली नाही, वीज आली तरी ती देवापुढे तेलावरच राहिली. उजेडाचे काम दुसऱ्याकडे गेले, तिच्याकडे पूजेचे काम राहिले. युरोपच्या दिवाणखान्यातल्या दिव्याला असे दुसरे काम नव्हते, म्हणून प्रत्येक नव्या इंधनाबरोबर त्याला बदलावे लागले. हॉटेलांत समईच्या माथ्यावर बल्ब बसवलेले दिसतात ते अलीकडचे आणि अपवादाचे.

विजेचा भाग मावळाच्या बाजूने पाहिला तर हिशेब वेगळा लागतो. टाटांची पुढची योजना मुळशीला होती. मुळा खोऱ्यातली गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला आणि १९२४ पर्यंत तो रेटला गेला. धरण झालेच. ज्या डोंगरांतून वीज मुंबईला गेली तिथल्या खेड्यांत वीज पोचायला पुढची कित्येक दशके लागली. तोवर तिथे कंदीलच होता, आणि त्याची काच फुटली की बाजाराच्या दिवसापर्यंत तसेच भागवावे लागे. रॉकेल आणि काच यांचा खर्च या घरांनी मुंबईपेक्षा दोन पिढ्या अधिक सोसला.

राहिला प्रश्न जुन्या दिव्यांचे आज काय करावे याचा. काही विक्रेते सोनेरी साज काढून टाकतात, छिद्र बुजवतात आणि फुलदाणी ‘मूळ रूपात’ विकतात. चिनी बाजारात तिला अधिक भाव येतो, हे कारण उघड आहे. वस्तूला तिचे मूळपण परत दिले असा दावाही त्यावर केला जातो. पण जी फुलदाणी पन्नास वर्षे फुलदाणी होती आणि नंतर दीडशे वर्षे दिवा, तिचे मूळ रूप कोणते हे विक्रेत्याने ठरवावे, हे मला पटत नाही. शिवाय साजाबरोबर पुरावाही जातो. पायाशी चावीचे भोक असेल तर दिवा कार्सेलच्या पद्धतीचा आणि तेलाच्या काळातला. वात वर-खाली करायचा खिट्टीसारखा स्क्रू आणि सुटी टाकी असेल तर रॉकेलचा, म्हणजे १८६० नंतरचा. आत नुसती तार असेल तर आधी बैठकीवरचा मुलामा पाहावा. मुलामा पाऱ्याचा असेल तर दिवा पूर्वी तेलाचा असण्याची शक्यता धरावी, विजेच्या प्रवाहाने चढवलेल्या मुलाम्यावरून तेवढे सांगता येत नाही, कारण ती रीत १८४० पासूनची आहे. मग तळाचे छिद्र तपासावे. त्याच्या कडेला मीना ताजा उडालेला आणि तांबे उजळ असेल, तर ते छिद्र उशिराचे, तारेसाठी पाडलेले आहे.